निम्म्या जिन्यावर

शिंदे मास्तर स्कूटरचं बटण दाबतात आणि नेमकी त्याच वेळी शेजारच्या घरातून शिंक येते. मास्तर बटण बंद करतात, घरात परत जातात, घोटभर पाणी पितात, देवाला पुन्हा हात जोडतात आणि मग निघतात. गडहिंग्लजच्या त्या गल्लीत आता रिक्षा चालवायला माणूस लागत नाही. पण निघताना शिंक ऐकली तर पाऊल मात्र अजून कुणी उचलत नाही.

शिंकते ती राजश्री चौगुले. मुद्दाम शिंकते. तिच्या कमरेला निपाणीच्या तपकिरीची डबी असते. चिमूट नाकात ओढायची, डोळ्यांत पाणी येईपर्यंत थांबायचं आणि शिंकायचं. का, तर तिचा मुलगा जगात या एकाच गोष्टीला हसतो.

गल्लीतल्या दोन बायका एकदा समजूत घालायला आल्या होत्या. सकाळी आठ ते दहा तेवढं शिंकू नका म्हणाल्या, माणसं कामाला निघतात. राजश्रीने सांगितलं, आठ ते दहा माझं पोरगं खुशीत असतं, तुम्हीच दहानंतर निघत जावा. त्या पुन्हा आल्या नाहीत. त्या घरात कुणीच पुन्हा येत नाही.

मुलाचं नाव रणवीर. तो पोटात असतानाच बापाने हौसेने ठेवलेलं. पंधरा वर्षांचा झाला आणि अजून मान धरत नाही. डोळे उघडे असतात, पण काय बघतो ते कळत नाही. भरवताना घास अडकतो, छाती घरघरते, झटके कधीही येतात. शिंक ऐकली की मात्र तोंड उघडून, पोट हलवून, मोठ्याने हसतो. एक डॉक्टर म्हणाला होता, हे हसणं नसेलही, हाही एक प्रकारचा झटकाच असेल. मग त्याने रणवीरच्या डोक्याला तारा लावून तपासलं. नक्की काही सांगता आलं नाही. राजश्रीने त्या तारा आपल्या हाताने उपसल्या आणि पोराला उचलून घरी आणलं.

रणवीरला काय झालंय ते समजायला फार शिकावं लागत नाही. मनात असावं लागतं, एवढंच.

आईच्या पोटात मेंदू घडत असतो तेव्हा त्याच्या पेशी आत, अगदी तळाशी जन्मतात. तिथून त्यांना वर, बाहेरच्या अंगाला जायचं असतं. वाटेत दोऱ्यासारखे बारीक तंतू उभे असतात, ते धरून त्या सरपटत चढतात. आधी निघालेल्या पेशी खालच्या मजल्यावर राहतात. मागून निघालेल्या त्यांना ओलांडून वरचा मजला गाठतात. अशी सगळी इमारत भरत जाते, जागा पुरेनाशी होते आणि मेंदूला वरून घड्या पडायला लागतात. आपण ज्याला शहाणपण म्हणतो, ओळखपाळख म्हणतो, ते त्या घड्यांत असतं.

चढताना पेशीला आपला गाभा मागून ओढून न्यावा लागतो. हे ओढायचं काम एक प्रथिन करतं, आणि ते कसं बनवायचं हे सतराव्या गुणसूत्रावरच्या एका जनुकात लिहिलेलं असतं. त्याच्या दोन प्रती असतात, एक आईकडून आलेली, एक बापाकडून. रणवीरची एक प्रत गर्भ राहतानाच गळाली. आईच्या रक्तात दोष नाही, बापाच्या रक्तात नाही, कुणी काही पाप केलं नाही. नक्कल उतरवताना मजकूर सुटला, बस्स. एका प्रतीवर प्रथिन निम्मंच बनलं, पेशींचा जोर निम्म्या वाटेत संपला आणि त्या निम्म्या जिन्यावर बसून राहिल्या. अजून तिथेच बसल्यात. रणवीरचा मेंदू सोललेल्या अंड्यासारखा गुळगुळीत आहे.

तो सहा वर्षांचा असताना सुई निघाली. तिसऱ्या महिन्यात आईच्या दंडातलं थोडं रक्त घ्यायचं. बाळाच्या जनुकांचे तुकडे त्यात तरंगत असतात, ते वाचायचे. प्रत गळालेली दिसली की आईच्या पोटातून केसाएवढी सुई घालून बाळाच्या मेंदूतल्या पाण्यात औषध सोडायचं. ते औषध उरलेल्या प्रतीकडून दुप्पट काम करून घेतं आणि पेशी चढायला लागतात. अट एकच, चौदावा आठवडा उलटता कामा नये. एकदा बसलेली पेशी पुन्हा उठत नाही. बायका तिला सटवाईची सुई म्हणायला लागल्या. सटवाई पाचवीला येऊन कपाळावर लिहून जाते, ही सुई तिच्या आधी जाऊन लिहून येते.

तपासणी सक्तीची झाली, फुकट झाली. चांगलंच झालं, त्याला नावं ठेवायला कुणाची जीभ धजेल? राज्यात असं मूल जन्माला येणं बंद झालं. मोठा समारंभ झाला, हारतुरे झाले. जी आधीच जन्मली होती त्यांचं काय, हे त्या मांडवात कुणी विचारलं नाही. ती एकेक करून मरत गेली. कमी होत गेलेले आकडे बघून वर पुन्हा टाळ्या पडल्या.

पूर्वी रणवीरला घेऊन बाहेर पडलं की लोक म्हणायचे, देवाची मर्जी. राजश्रीला तेव्हा त्याचीही चीड यायची. आता एस.टी.त शेजारी बसलेली पोरगी सरळ विचारते, "सुई घेतली नव्हती का तुम्ही?" पूर्वी राजश्री कमनशिबी होती. आता निष्काळजी आहे. नवरा चाकणला बदली घेऊन गेला तो तिकडचाच झाला, सोडचिठ्ठी घेऊन त्याने दुसरं लग्न केलं. दुसरीला सुईची गरजच पडली नाही. मुलगी झाली, पोहण्यात बक्षिसं मिळवते. हे त्यानेच फोनवर सांगितलं आणि मग त्यालाच फोन करायला अवघड वाटू लागलं.

राहिलं होतं ते अशा मुलांसाठीचं तालुक्याचं केंद्र. दोन खोल्या, एक गादी आणि बाबर सर. बाबर सर रणवीरची छाती ठोकून मोकळी करत, गिळायची सवय लावत. त्याहून महत्त्वाचं म्हणजे या आजारातल्या झटक्यांचं औषध फक्त तिथेच मिळे. घेणारे उरले नाहीत म्हणून कंपनीने ते दुकानांना देणं थांबवलं होतं, फक्त चालू केंद्रांनाच पाठवायची. आणि केंद्र चालू ठेवायचं तर पटावर दोन मुलं हवीत असा नियम होता. दुसरी होती नेसरीची निदा मुल्ला. गणपतीच्या आसपास न्यूमोनियाने गेली. राजश्री भेटायला गेली तेव्हा निदाची आई शबाना भिंतीला टेकून बसली होती. तिने वर बघितलं आणि म्हणाली, "आता तुझं केंद्र बंद होणार, नाही?" त्यात टोमणा नव्हता. दोघींच्याही मनात पहिल्यांदा तेच आलं होतं.

दिवाळीनंतर बंद, असं ठरलं. औषध एकदा चुकलं होतं तेव्हा रणवीर निळा पडला होता. दिवाळीनंतर काय होणार ते राजश्रीला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

आणि अशात डॉक्टर नाईकवडी तिच्या घरी आले. जिल्ह्याच्या दवाखान्यातला पोरसवदा माणूस. या मुलांचा आजार त्यांनी फक्त पडद्यावर पाहिलेला. ते म्हणाले, चंदगडकडची एक मुलगी आहे, सोनल गावडे, पाचवा महिना, आणि बाळाचं निदान रणवीरचंच. राजश्रीला खरं वाटेना. आजच्या काळात कशी सुटली ही? डॉक्टरांनी सांगितलं ते असं, की तिसरा महिना सरेपर्यंत घरच्यांनी कुणाच्या कानावर घातलं नाही, दृष्ट लागू नये म्हणून. तो सरला तर पितृपंधरवडा लागला. त्या दिवसांत दवाखान्याचं तोंड बघायचं नाही म्हणून आणखी थांबले. घट बसल्यावर आले. तोवर चौदावा आठवडा उलटला होता.

"ठेवायचं की नाही ते तिला आठवड्यात सांगायचंय," डॉक्टर म्हणाले. "त्याआधी असं एक मूल तिने प्रत्यक्ष बघावं, असं आम्हाला वाटतं. जिल्ह्यात रणवीरच आहे." मग कपातल्या चहाकडे बघत म्हणाले, "पोटात निदान झालेलं मूलही पटावर धरता येतं, राजश्रीताई. ती हो म्हणाली की त्याच दिवशी केंद्र वाचतं. आणि आमच्या अभ्यासाच्या दृष्टीनेही... म्हणजे अशी केस आता मिळत नाही."

"मिळत नाही म्हणून वाईट वाटतंय होय तुम्हाला?"

डॉक्टरांनी कप खाली ठेवला. उठताना एवढंच म्हणाले, "तुम्ही जरा नीट बोला. बाकी काही नाही."

राजश्रीने नीट बोलायची तयारी केली. उगाच सोवळेपणा कशाला सांगा, तिने सगळं ठरवून केलं. रणवीरला न्हाऊ घातलं, निळा सदरा घातला, लाळेचं फडकं उशीखाली दडवलं. औषध नेहमीपेक्षा उशिरा दिलं, म्हणजे ती मुलगी येईल तेव्हा त्याचा जोर असेल आणि झटका येणार नाही. नवी तपकीर आणली. तिला त्या पोरीला त्याचं फक्त हसणं दाखवायचं होतं. रणवीरला केंद्रातला सोबती नको होता, त्याला काय कळतंय. सोबत हवी होती ती तिला. सांगायला कुणीतरी, की आज नरड्यात अडकलेला घास मी असा काढला, तू कसा काढतेस. एवढंच. त्यासाठी दुसऱ्या बाईच्या पोटी असं मूल यावं असं तिला वाटत होतं, आणि असं वाटतं म्हणून तिने स्वतःला शिव्या घातल्या नव्हत्या. तेवढा वेळच नव्हता.

सोनल आली ती सासूबरोबर. विशीतली, सावळी, काटक. सासू मंगल गावडे उंबऱ्यातच थांबली. तिने सुनेचा पदर ओढून पोटावर नीट घेतला आणि म्हणाली, फार जवळ टेकू नकोस. राजश्रीने चहा आणला तर म्हणाली, "मला उपास हाय."

"कशाचा?"

"आजचा."

सोनल मात्र सरळ जाऊन रणवीरच्या गादीपाशी बसली. त्याचा हात हातात घ्यावा की नको, असं तिचं चाललं होतं. मग म्हणाली, "खाली कोपऱ्यावर एक जण सांगत होते, ह्या घरात लई शिंकतात म्हणून."

राजश्रीने डबी काढली, चिमूट ओढली आणि शिंकली. रणवीरचं तोंड उघडलं, पोट हललं आणि तो हसला. त्याचं हसणं खोलीभर झालं. सोनल आधी दचकली, मग तिलाही हसू आवरेना. उंबऱ्यातल्या सासूच्या ओठाचा कोपरा हलला, तिने तो लगेच जागेवर आणला. राजश्रीने पुन्हा एकदा शिंकून दाखवलं. ठरवलं होतं तसं सगळं होत होतं.

"मी बघू का, अक्का?" सोनलने डबीकडे हात केला.

"पोटुशी बाई तपकीर वडतीया," सासू म्हणाली. "काय काय बघायचं ऱ्हायलंय अजून."

सोनलने ओढली. तिचा चेहरा वेडावाकडा झाला, नाक लाल झालं, आणि ती लागोपाठ शिंकली. रणवीर हसला. तेवढंच तोंड उघडून, तेवढंच पोट हलवून. राजश्रीच्या शिंकेला हसला होता त्यापेक्षा तसूभर कमी नाही.

"हसला, अक्का! मला हसला."

राजश्री बघत राहिली. तिला हे ठाऊक नव्हतं असं नाही. गल्लीतून जाणारा कुणी शिंकला तरी तो हसे. पण तो आवाज भिंतीपलीकडचा असे आणि हसणं तिच्या हातांत असे. आज पहिल्यांदा दुसरी एक बाई तिच्या जागेवर बसून शिंकली होती, आणि तिथे कोण बसलंय याने काहीच फरक पडला नव्हता.

सोनलने एक हात पोटावर ठेवला, दुसऱ्या हाताने रणवीरची बोटं धरली. तिचे डोळे अजून तपकिरीने पाणावलेले होते. तिने विचारलं, "तुम्हाला वळखतो न्हवं ह्यो? आई म्हणून?"

हो म्हणायचं होतं. एक शब्द. त्या शब्दावर बाबर सर होते, दोन खोल्या होत्या, औषधाची बाटली होती. आणि कोणती आई त्याला खोटं म्हणाली असती? मुलं ओळखतातच, असं कुठल्याही आईला विचारा.

"मला ठाऊक न्हाई," राजश्री म्हणाली. "इतकी वर्सं बघायला लागल्या. तो शिंकेला हसतो, सोनल. मला न्हाई. आत्ता तुला हसला तसाच मला हसतो. त्याच्या मनात कुठंतरी मी असंन, नसंनही. ते कळायची वाटच बांधलेली न्हाई त्याच्यात."

मग तिने उशीखालचं फडकं काढलं आणि पुढ्यात ठेवलं. झटका येतो म्हणजे काय होतं ते सांगितलं. घास कसा अडकतो, बोट घालून कसा काढायचा, रात्री कानोसा घेत कसं झोपायचं. औषध आज मुद्दाम उशिरा दिलंय, तेही सांगितलं. डॉक्टरांनी नीट बोलायला सांगितलं होतं, आणि आयुष्यात इतकं नीट ती कधीच बोलली नव्हती.

उंबऱ्यातून सासूने विचारलं, "हे कुणाच्या अंगातनं आलं म्हणायचं? हिच्याच न्हवं?"

"कुणाच्याच न्हाई. हिच्या न्हाई, तुमच्या लेकाच्या न्हाई. सुई चुकली ती मात्र तुमच्या झाकून ठेवण्यानं चुकली."

मंगल गावडे उंबऱ्यावर खाली बसली. मग रस्त्याकडे तोंड करून म्हणाली, "आधीची दोन पोटात बारीक असतानाच गेली हिची. पहिल्याच्या वेळी म्या गावभर पेढे वाटलेले. म्हणून झाकलं." आणि हात लांब करून तिने निवलेला चहा घेतला आणि प्यायली.

सोनल अजून रणवीरची बोटं धरून होती. "मग मी काय करू, अक्का? तुम्हीच सांगा. तुमच्याशिवाय हे कुणाला विचारायचं?"

"मला विचारू नको," राजश्री म्हणाली. "तू हे मूल ठेवलंस तर माझं केंद्र चालतं. माझं पोर जगतं. आणि मला बोलायला तू मिळतीस. त्यासाठी मी तुला काय पण सांगंन. म्हणून माझं ऐकायचं न्हाई. हे पोर तुझं आहे, तूच ठरव. ठेवलंस तर हात धरून शिकवीन. न्हाई ठेवलंस तर तुला बोल लावणारी पहिली मी नसंन."

रणवीरचा डोळा फडफडायला लागला. राजश्रीने त्याला कुशीवर वळवलं आणि झटका ओसरेपर्यंत धरून ठेवलं. सोनलने सगळं पाहिलं. तोंड वळवलं नाही.

त्या निघाल्या. कोपऱ्यावर रिक्षा येऊन थांबली होती. सोनल उंबऱ्यापाशी चप्पल घालत होती आणि तेवढ्यात राजश्रीच्या नाकात उरलेली तपकीर उठली. शिंक अगदी नाकाच्या शेंड्याशी आली. एक शिंक, की सासू तिथल्या तिथे सुनेला आत ओढणार, दोघी परत बसणार, पाणी पिणार. आणखी थोडा वेळ या घरात माणसं असणार. आणि जन्मभर ती पोर म्हणत राहणार, निघताना शिंक आली होती, म्हणून मी असं केलं. किंवा तसं केलं.

राजश्रीने पदराचा बोळा नाकावर दाबला. डोळ्यांतून पाणी वाहिलं, छाती दुखायला लागली. सोनलने वळून हात केला. राजश्रीने मोकळ्या हाताने हात केला. रिक्षा वळणाआड गेली, तेव्हा कुठे तिने पदर सोडला. तोवर शिंक निघून गेली होती. आत रणवीर गप्प होता.

आठवड्याने डॉक्टर नाईकवडींचा फोन आला. सोनल गावडेने नाही म्हटलं होतं. ते तुटक बोलत होते, तुम्ही नक्की काय सांगितलं तिला असं विचारायचं त्यांच्या अगदी ओठांवर होतं. राजश्रीने विचारू दिलं नाही. दिवाळी झाल्यावर बाबर सर सामान बांधून साताऱ्याला गेले. जाताना त्यांनी कपाटातलं होतं नव्हतं तेवढं औषध एका पिशवीत घालून दिलं आणि रणवीरची छाती शेवटची ठोकून दिली. राजश्रीने मुंबईला, दिल्लीला, कंपनीला फोन केले. सगळीकडे यंत्र बोललं. यंत्राने फार अदबीने सांगितलं, की या आजाराचे रुग्ण आता नाहीत.

तुळशीची लग्नं लागून गेल्यावर एका दुपारी दारात सोनल उभी. एकटी. एस.टी.ने आली होती. पोट उतरलं होतं आणि साडी अंगावर नुसती टांगल्यासारखी दिसत होती. राजश्रीने विचारलं, घरी सांगून आलीस का. तर म्हणाली, बाजाराला म्हणून निघाले. मग भिंतीला पाठ लावून तिने सांगितलं, घरात त्याबद्दल कुणी अवाक्षर काढत नाही. रडले तर म्हणतात, जन्मलंच नव्हतं त्याला काय रडायचं. सासू तेवढी मागच्या दारी जाऊन बसते.

"कुणाकडं जाऊ मग?" सोनल म्हणाली. "तुम्ही तरी बघितलाय त्याला. म्हणजे... ह्याला."

राजश्री चहा टाकायला आत गेली, तपकिरीची डबी गादीपाशीच राहिली. आधण ठेवलं. फळीवर औषधाची शेवटची बाटली होती, तिच्यावरून नजर काढून तिने साखरेचा डबा उतरवला.

बाहेरच्या खोलीत शिंक झाली. तिची नव्हे.

पाठोपाठ रणवीर हसला. स्वतः शिंकताना डोळे मिटतात, कान बंद होतात, डोक्यात नुसता दणका उठतो. इतक्या वर्षांत त्याचं हसणं तिला अर्धवटच ऐकू आलं होतं; दुसरं कुणी शिंकलं तरी ती त्याच्याकडे बघत असे, ऐकत नसे. आज ती पहिल्यांदा ते ऐकत होती, सुरुवातीपासून. आधी घशात एक लहान अडखळ, मग श्वास, मग तो आवाज. तिला ती अडखळ माहीतच नव्हती.

तिने गॅस बारीक केला आणि ओट्याला धरून उभी राहिली. पुन्हा शिंक झाली. पुन्हा ती अडखळ, पुन्हा तो आवाज.

बाहेर शिंदे मास्तरांनी स्कूटर बंद केली.